ओव्हरलॉकचा दोरा सारखा तुटतोय? डायल फिरवण्याआधी हे तपासा

घरगुती ओव्हरलॉक मशीन वापरणाऱ्या बायकांची तक्रार बहुतेक वेळा एकाच चालीने पुढे जाते. मशीन महिनाभर छान चालतं. एक दिवस चारपैकी एक दोरा तुटतो. तो ओवून पुन्हा शिवायला घ्यावं, तर दोन इंचांवर परत तुटतो. मग टेन्शनचे, म्हणजे दोऱ्याचा ताण ठरवणारे, डायल फिरायला लागतात. एक जरा सैल, दुसरा जरा घट्ट, तिसरा सहज म्हणून. तासाभराने दोरा तर तुटतोच, शिवाय कोणता डायल आधी कितीवर होता हेही आठवत नाही. त्यात लग्नसराईची कामं अंगावर असली की अक्षरशः रडू येतं.

मी नाशिकला इंदिरानगरमध्ये शिवणकाम शिकवते. सिडको, पाथर्डी फाटा, पंचवटी, कधीकधी ओझर-निफाडकडूनही बायका आपलं मशीन घेऊन येतात. अशा मशीनमध्ये खरोखर काही मोडलेलं क्वचितच निघतं. बहुतेक वेळा गडबड दोरा ओवण्यात असते, आणि ओवण्यातली गडबड डायलने कधीच सुटत नाही. म्हणून माझं सांगणं एकच असतं: डायलला हात सगळ्यात शेवटी लावायचा.

इथे बोलतेय ते कापडाची कड कापत तिच्यावर टाका घालणाऱ्या, तीन किंवा चार दोऱ्यांच्या घरगुती मशीनबद्दल. आपल्याकडे बरेच जण त्याला इंटरलॉक म्हणतात, तेच हे. कंपनी कोणती आहे याने फार फरक पडत नाही. अमेरिकेतल्या कनेक्टिकटच्या मेरो कंपनीने १८८१ मध्ये हा टाका मशीनवर आणला आणि दोन लूपर (सुईखालचे दोरा नेणारे वाकडे दांडे) व सुई यांचा तो खेळ आजही त्याच तत्त्वावर चालतो. त्यामुळे खाली लिहिलेलं जवळपास सगळ्याच मशीनना लागू पडतं. जिथे फरक आहे तिथे तसं सांगितलंय.

आधी गुन्हेगार दोरा शोधा

चारही कोन (दोऱ्याची शंकूसारखी मोठी रिळं) पांढरे लावून बसलात तर कोणता दोरा त्रास देतोय हे डोळ्यांना कळणारच नाही. चार वेगळ्या रंगांचे दोरे घ्या. मशीनवर ओवण्याच्या वाटेवर जे रंगीत ठिपके असतात, शक्यतो त्याच रंगांचे घ्या, म्हणजे निळ्या वाटेवर निळा आणि हिरव्या वाटेवर हिरवा. चौघांची जाडी सारखी हवी. एक जाड आणि तीन बारीक असं केलं तर तपासणीला अर्थ राहत नाही. दोरे जुने असतील तर आधी हाताने ताणून बघा. झटकन तुटला तर तो कोन बाजूला ठेवा. वर्षानुवर्षं खिडकीत उन्हात पडलेला दोरा कुजल्यासारखा होतो, त्याच्यावर वेळ घालवू नका.

तपासायला मांजरपाट घ्या. मालेगावकडचं साधं सुती कापड मिळालं तरी उत्तम. गिऱ्हाइकाच्या ब्लाउजवर प्रयोग नकोत आणि सुरुवातीलाच जॉर्जेट किंवा होजिअरीही नको, कारण त्यांचे स्वतःचे वेगळे हट्ट असतात.

दोरा तुटला की लगेच नवा ओवू नका. तुटलेलं टोक हातात धरून उजेडात बघा. टोक पिंजलेलं, केसाळ दिसत असेल तर दोरा कुठेतरी घासला जातोय. सुईचं नेढं खराब असेल, लूपरवर खरखर असेल किंवा दोऱ्याच्या मानाने सुई बारीक असेल. टोक स्वच्छ, तटकन तुटल्यासारखं असेल तर दोरा कुठेतरी अडकला आणि ओढला गेला. दोन्ही वेळा शोध वेगळ्या ठिकाणी घ्यावा लागतो.

खालचा लूपर: सगळ्यात जास्त रडवणारी जागा

शिवायला घेतलं की चार-पाच टाक्यांतच तुटतो आणि दरवेळी खालच्या लूपरचाच तुटतो, असं असेल तर कारण जवळपास नक्की समजा. ते समजून घ्यायला टाका कसा पडतो हे एकदा बघावं लागेल.

ओव्हरलॉकमध्ये बॉबिन नसतं. सुईखाली दोन वाकडे दांडे असतात, तेच लूपर. सुई खाली जाऊन किंचित वर उठते तेव्हा तिच्या मागे तिच्याच दोऱ्याचा छोटा फासा तयार होतो. खालचा लूपर डावीकडून उजवीकडे येतो आणि त्या फाशातून आरपार जातो. मग वरचा लूपर येतो, खालच्या लूपरच्या दोऱ्यातून जातो आणि आपला दोरा कापडाच्या कडेवरून वर नेतो. वर गेल्यावर त्याच्या दोऱ्यात सुई पुन्हा खाली येताना शिरते. एक टाका पूर्ण झाला. म्हणजे सगळी साखळी त्या पहिल्या फाशावर उभी आहे. खालच्या लूपरला सुईच्या दोऱ्यातून मोकळं जाता आलं पाहिजे आणि मोकळं परतता आलं पाहिजे.

आता खालच्या लूपरचा दोरा तुटला. सुया अजून ओवलेल्याच आहेत आणि त्यांचे दोरे खाली जाऊन लूपरवर पडलेले आहेत. घाईत आपण फक्त तुटलेला दोरा नव्याने ओवतो. नवा दोरा सुईच्या दोऱ्याच्या वरून जातो. म्हणजे सुईचा दोरा आता लूपर आणि त्याचा नवा दोरा या दोघांच्या मधे दाबला गेला. पहिले दोन-चार टाके कसेबसे पडतात, मग सुईच्या दोऱ्याला सुटायला वाट मिळत नाही, ताण वाढतो आणि दोरा तुटतो. डायल शून्यावर आणला तरी तुटेल, कारण प्रश्न ताणाचा नसून अडकण्याचा आहे.

पंचवटीतल्या एका वहिनींचं मशीन असंच आलं होतं. दुरुस्तीवाल्याने टायमिंग (सुई आणि लूपरचा मेळ) गेलंय म्हणून पैसे घेतले होते आणि दोन दिवसांत पुन्हा तेच सुरू झालं होतं.

“ताई, वरचा कधीच तुटत नाही हो. हा निळाच तुटतो. कोन बदलला, सुया बदलल्या, काही म्हणून ठेवलं नाही.”

“वहिनी, तुटल्यावर तुम्ही कसं ओवता तेवढं मला एकदा दाखवा.”

त्यांनी पुढचं झाकण उघडलं, चिमटा घेतला आणि सराईतपणे निळा दोरा वाटेतून नेत लूपरच्या नेढ्यात घातला. हात इतका सफाईदार होता की चूक कुठे आहे हे पाहणाऱ्याला कळणारच नाही. सुया मात्र तशाच ओवलेल्या होत्या. मी त्यांना तिथेच थांबवलं, मोबाईलचा टॉर्च आत धरला आणि चाक हाताने अगदी सावकाश फिरवलं. लूपरच्या पाठीवर सुईचा पिवळा दोरा आडवा पडलेला होता आणि त्याच्यावरून त्यांचा नवा निळा दोरा ताणून गेला होता. “हा पिवळा बघा. याला वर यायचंय आणि निळ्याने त्याला दाबून धरलंय.” मग दोन्ही सुयांचे दोरे नेढ्यातून काढले, फूटखालून (कापड दाबून धरतो तो) वर घेतले, निळा पुन्हा ओवला आणि त्यानंतर सुया ओवल्या. मांजरपाटाच्या अख्ख्या पट्टीवर टीप सलग गेली. वहिनी नुसत्या बघत राहिल्या. मला मात्र वाईट वाटलं ते त्यांच्या वाया गेलेल्या पैशांचं. मशीन विकताना विक्रेत्याने दहा मिनिटं बसून एवढं दाखवलं असतं तर हा हेलपाटा पडला नसता. नवीन मशीन घेणाऱ्या प्रत्येकीने दुकानातच हे करून दाखवायला सांगावं, त्यात संकोच करू नये.

तर क्रम पक्का लक्षात ठेवा. आधी वरचा लूपर, मग खालचा लूपर आणि सर्वांत शेवटी सुया. दोन सुयांपैकी आधी उजवी की डावी यात मशीनप्रमाणे फरक असतो, ते पुस्तिकेत बघा. पण सुया शेवटी, हे कायम. मधेच खालचा दोरा तुटला तर सुयांचे दोरे आधी बाहेर काढायचेच, कितीही कंटाळा आला तरी. हवेने दोरा ओवणारी महागडी मशीन आता मिळतात, त्यात लूपर कोणत्याही क्रमाने ओवता येतात. आपल्यापैकी बहुतेकींकडे ती नाहीत.

खालचा लूपर ओवताना मशीन बंद करा, पायाचं पॅडल बाजूला सारा आणि चाक मशीनवरच्या बाणाच्या दिशेने फिरवून लूपर पूर्ण उजवीकडे आणा, म्हणजे त्याचं नेढं हाताशी येतं. याच लूपरच्या डाव्या टोकाला एक छोटा आकडा असतो, जो समोरून नीट दिसत नाही. तो सुटतो आणि बाकी सगळं बरोबर असूनही टाका पडत नाही किंवा दोरा तुटतो. काही मशीनमध्ये दोरा तिथे पोहोचवायला छोटी कळ दिलेली असते. टॉर्च लावून तो आकडा दरवेळी बघा. शेवटी चारही दोऱ्यांची सुमारे १० सेंमी टोकं फूटखालून मागे डावीकडे घ्या आणि पॅडल दाबण्याआधी चाक हाताने दोन-तीन वेळा फिरवा. वेणीसारखी साखळी पडायला लागली की मगच मोटर चालवा.

नुसता रंग बदलायचा असेल तर हा सगळा खटाटोप करायची गरजच नाही. जुना दोरा कोनजवळ कापा, नव्या दोऱ्याला घट्ट गाठ मारा, गाठीची टोकं २ सेंमीपर्यंत ठेवा, डायल शून्यावर आणा (आधी किती होता ते लिहून ठेवा) आणि दोरा पुढून हळूहळू ओढून घ्या. लूपरच्या नेढ्यातून गाठ सहसा निघून जाते. सुईच्या नेढ्यातून जात नाही, तिथे गाठ आली की कापून सुई हाताने ओवा. ओवलेल्या दोऱ्याचा क्रम बिघडत नाही, म्हणून ही पद्धत नवशिक्यांना मी आधी शिकवते.

दोरा चकत्यांमध्ये बसलाय का?

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे एकाच दोऱ्याचे मोठेमोठे लोंबते फासे. डायल ९ वर नेला तरी फरक पडत नाही. डायल फिरवून काहीच बदलत नसेल तर त्याचा सरळ अर्थ असा की दोरा टेन्शनच्या चकत्यांच्या मधे नाही, तो वरच तरंगतोय.

बहुतेक घरगुती मशीनमध्ये फूट वर असताना चकत्या उघडतात आणि खाली असताना मिटतात. म्हणून ओवताना फूट वर हवा. फूट खाली ठेवून ओवलं तर दोरा मिटलेल्या चकत्यांवर नुसता टेकतो. ओवून झाल्यावर एक छोटी परीक्षा करा. फूट वर ठेवून दोरा पुढून ओढा, तो सहज आला पाहिजे. फूट खाली करून ओढा, आता हाताला स्पष्ट अडथळा जाणवला पाहिजे. फरक जाणवला नाही तर डायलच्या दोन्ही बाजूंना दोरा दोन हातांनी धरा आणि खालवर सरकवत आत बसवा, बारीकसा टक असा हाताला कळतो. काही मशीनमध्ये, विशेषतः टेबलावर मोटर लावून चालवतात त्या तीन दोऱ्यांच्या साध्या ओव्हरलॉकमध्ये, फूट उचलून चकत्या उघडत नाहीत. तिथे डायल पूर्ण सैल करूनच ओवा.

चकत्यांमध्ये कापडाचा भुसा साचला तरी हेच होतं. स्वस्त स्पन पॉलिस्टरचे कोन खूप भुसा टाकतात. एक जाड सुती दोरा घ्या, त्याला मधे दोन-तीन गाठी मारा आणि फूट वर ठेवून चकत्यांमधून पुढेमागे ओढा. पहिल्यांदा करणारीला किती कचरा निघतो हे बघून धक्काच बसतो.

कोनपासून वरच्या दांडीपर्यंत

मशीनमागची उभी दांडी पूर्ण वर ओढलेली हवी आणि तिचे कान कोनांच्या बरोबर डोक्यावर हवेत. ती अर्धवट वर असली किंवा वळलेली असली तर दोरा कोनवरून झटके देत सुटतो आणि टाका कधी घट्ट, कधी सैल पडतो. मशीन कपाटात ठेवताना दांडी खाली केली जाते आणि काढताना विसरली जाते, एवढं साधं कारण असतं.

लहान रीळ लावत असाल तर दोरा अडकवायची खाच खाली ठेवा आणि वर मशीनसोबत आलेली टोपी बसवा. मोठा कोन लावत असाल तर शंकूसारखा आधार लागतो, नाहीतर कोन डुगडुगतो. नायलॉनचा किंवा रेशमी गुळगुळीत दोरा कोनवरून घसरून खाली पडतो आणि खुंटीला गुंडाळला जातो. मग तो तुटला की दोष लूपरला दिला जातो. अशा दोऱ्याला जाळी चढवा. मशीनसोबतची जाळी हरवली असेल तर पातळ मोज्याचा तुकडाही चालतो.

सुई

सुई वाकलेली आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. काचेवर किंवा मोबाईलच्या पडद्यावर सपाट बाजू टेकवून आडवी धरा, टोकाखालची फट सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. बोथट सुई टाके सोडते आणि दोराही पिंजते. मोठी ऑर्डर संपली की सुया बदला, सुई स्वस्त असते आणि उसवण्यात जाणारा वेळ महाग.

मेन रोडला दुकानात नुसतं “ओव्हरलॉकची सुई द्या” म्हटलंत तर कारखान्याच्या मशीनची गोल दांड्याची सुई हातात येऊ शकते. बहुतेक घरगुती मशीनला एका बाजूने सपाट दांड्याची लागते, आणि ती सपाट बाजू मागे ठेवून बसवायची. मशीनच्या पुस्तिकेत सुईचा प्रकार लिहिलेला असतो, बहुधा १३०/७०५ एच किंवा ईएल × ७०५. जुनी सुई सोबत नेऊन दाखवणं सगळ्यात सोपं. साध्या कापडाला ११ नंबर, जाडाला १४ नंबर. होजिअरी आणि लेगिंगच्या कापडाला गोल टोकाची सुई घ्या, नाहीतर टाके सुटतच राहतील. चार दोऱ्यांच्या मशीनमध्ये डावी सुई उजवीपेक्षा किंचित वर दिसते. ते तसंच असतं, दोघी एका पातळीत आणण्यासाठी डावी खाली ओढू नका. मात्र दोन्ही वरपर्यंत नीट टेकलेल्या आहेत ना आणि स्क्रू घट्ट आहेत ना, ते तपासा.

आता डायल

एवढं सगळं बघून झाल्यावर टाका अजूनही बिघडलेला असेल तर डायलकडे वळा. आधी चारही डायल पुस्तिकेतल्या मूळ आकड्यावर आणा. बहुतेक मशीनवर ० ते ९ आकडे असतात आणि साध्या टाक्याला ३ ते ५ मधलं काहीतरी लागतं. मग रंगीत दोऱ्यांनी एक पट्टी शिवा आणि तिची दोन्ही अंगं निरखा.

चांगल्या टाक्यात वरच्या लूपरचा दोरा कापडाच्या वर राहतो, खालच्याचा खाली राहतो आणि दोघं बरोबर कडेवर भेटतात. सुईचा दोरा वरून साध्या शिवणीसारखा सरळ दिसतो, खालून त्याचे फक्त बारीक ठिपके.

वरच्या लूपरचा रंग कडेवरून वळून खालच्या अंगाला डोकावत असेल तर वरचा लूपर सैल आहे, तो घट्ट करा. तरी फरक नाही पडला तर खालचा जरा सैल करा. उलट खालच्या लूपरचा रंग वर दिसत असेल तर खालचा घट्ट करा. दोन्ही लूपरचे दोरे कडेच्या बाहेर फाशांसारखे लोंबत असतील तर दोन्ही सैल आहेत, किंवा कड कापणारं मशीनचं ब्लेड कापड जास्त कापतंय आणि टाक्याला भरायला कापडच उरत नाहीये. कापडाची कड टाक्यात गुंडाळली जात असेल तर लूपर घट्ट आहेत किंवा ब्लेड कमी कापतंय. ब्लेडची रुंदी बदलायची कळ डायलपेक्षा आधी बघा, ती बऱ्याच जणींच्या लक्षातच येत नाही.

शिवण दोन्ही हातांनी ताणून उघडा. आत शिडीसारखे आडवे दोरे दिसले तर सुईचा डायल सैल आहे. कापड शिवणीवर चुणत असेल तर सुई घट्ट आहे. पण होजिअरी लाटांसारखी फुगत असेल तर ते दोऱ्याचं दुखणं नाही, कापड ओढणाऱ्या दातांचं आहे. त्याची वेगळी कळ असते, साधारणपणे १ हा मधला आकडा. ताणणाऱ्या कापडाला तो १.५ च्या आसपास न्या, पातळ जॉर्जेट चुणत असेल तर ०.७ किंवा ०.८ वर आणा.

आणि हे कळकळीने सांगते, एका वेळी एकच डायल, तोही अर्धा आकडा. प्रत्येक बदलानंतर चिंधीवर टीप मारून बघा आणि त्या चिंधीवरच पेनाने आकडे लिहा. दोन डायल एकदम फिरवले की कशाने सुधारलं आणि कशाने बिघडलं हे देवालाही सांगता येणार नाही. माझ्या क्लासमध्ये प्रत्येकीची अशा चिंध्यांची वही असते: मांजरपाट, कॉटन, जॉर्जेट, होजिअरी, खाली आकडे. पुढच्या वेळी पान उघडायचं, तेच आकडे लावायचे, बस.

साडीची कड केल्यानंतर बिघडलं असेल तर

साडीच्या किंवा ओढणीच्या कडेला गोल पिको करताना आपण डावी सुई काढतो आणि टाका ज्यावर तयार होतो ती बारीक पट्टी कळ फिरवून मागे घेतो किंवा काढून ठेवतो. पट्टी नसली की कापडाची कड आत गोल वळते. खालच्या लूपरचा डायल तेव्हा ७ ते ९ वर जातो. दुसऱ्या दिवशी ब्लाउजची शिवण मारायला बसलो आणि ती पट्टी परत आणायची राहिली, की सगळ्या कडा गुंडाळल्या जातात. मग पुन्हा डायलची फिरवाफिरव. साडीनंतर मशीन बिघडलं म्हणून कुणी आलं तर मी आधी ती कळच बघते.

येवल्याची पैठणी किंवा भरपूर जर असलेली साडी हातात असेल तर जरीचा भाग ब्लेडखाली जाऊ देऊ नका. जरीने ब्लेड बोथट होतं, जरीची तारही उसवून लूपरमध्ये गुंतते. अशी कड हातानेच दुमडून शिवावी किंवा गोंडे करावेत. वेळ जातो, पण एवढ्या मोलाच्या कापडावर मशीनची घाई नको.

भुसा, तेल, ब्लेड

ओव्हरलॉक शिवतानाच कापड कापतं, म्हणून त्यात साध्या मशीनपेक्षा कितीतरी जास्त भुसा साचतो. ब्रशने झाडा. तोंडाने फुंकू नका, ओलावा आत जातो आणि भुसा उलट खोल बसतो. ब्लेड बोथट झालं की कड कुरतडल्यासारखी दिसते आणि त्या खडबडीत कडेवर टाके सुटतात. टाचण्या लावून शिवत असाल तर त्या ब्लेडपासून लांब ठेवा. टाचणी एकदा कापली गेली की ब्लेडला खाच पडलीच.

तेल पुस्तिकेत सांगितलेल्या जागी, थेंबभर आणि शिलाई मशीनचंच. घरात आहे म्हणून खोबरेल घालणाऱ्या बायका अजून भेटतात. खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजायला लागतं आणि आपल्याकडे निफाडला तर हिवाळ्यात पारा एक आकडी असतो. डिसेंबरच्या सकाळी मशीन जड चालतं, लूपर अडखळतो आणि दोरा तुटतो, त्यामागे कधीकधी हेच निघतं. असं तेल घातलेलं असेल तर ते पूर्ण साफ करून घ्या.

मेकॅनिककडे कधी न्यायचं

चाक हाताने फिरवताना सुई लूपरला टेकल्याचा टक-टक आवाज येत असेल, तर लगेच थांबा आणि मशीन दाखवा. जाड शिवणीवर मशीन जोरात अडकून बंद पडलं आणि त्यानंतर टाके सुटायला लागले, नवी सुई घालूनही सुटतच राहिले, तर टायमिंग खरंच हललेलं असू शकतं. लूपरवर पातळ नायलॉनचा मोजा हलकेच फिरवून बघा. तो कुठे अडकला तर तिथे खरखर आहे, आणि ती घासून गुळगुळीत करणं जाणत्या हाताचं काम आहे. सँडपेपर घेऊन स्वतः करू नका, लूपरचा आकार बदलला तर नवा घ्यावा लागेल.

मशीन नेताना ते तसंच नेऊन ठेवू नका. चार रंगांच्या दोऱ्यांनी शिवलेली चिंधी, त्यावर लिहिलेले डायलचे आकडे, तुटलेल्या दोऱ्याचं टोक आणि मशीनमध्ये होती ती सुई, असं सगळं एका पिशवीत घालून द्या. मशीन कधी आणि कोणत्या कापडावर अडकलं तेही सांगा. परत घेताना तुमच्याच कापडावर, तुमच्याच दोऱ्याने, तुमच्यासमोर निदान हातभर टीप मारून घ्या आणि दुकानातून निघण्याआधी चारही डायलचे आकडे टिपून ठेवा.